सहाव्यांदा ‘री’

मेसेज आला तेव्हा मी मटार सोलत होते. दिल्लीत जानेवारीतल्या रविवारी सकाळी बायका काय करतात याचं हे एकच उत्तर आहे. ज्या मटार सोलत नसतात त्या गाजरं किसत असतात. मेसेज नोएडातल्या एका शाळेचा होता. तीन ओळी. गुरुवारी साडेदहा वाजता डेमो क्लास. इयत्ता चौथी, वेळ वीस मिनिटं. विषय: प्रीफिक्स ‘री’.

मी ओरडले. त्यात शब्द असा नव्हता, नुसता आवाज होता. नवरा अर्धी दाढी करून धावत आला, मुलगी रजईसकट आली.

“काय झालं? भाजलं का?”

“डेमोला बोलावलंय!”

“कोणाला?” नवऱ्याने विचारलं.

हे ‘कोणाला’ मी अजून विसरलेले नाही. योग्य वेळी काढीन.

कोणाला म्हणजे मला. अठ्ठेचाळीस वर्षांची, बी.एड. झालेली, गुडघ्याचा पट्टा लावून जिना चढणारी मी. चौदा वर्षांपूर्वी मुलगी पहिलीत होती, सारखी आजारी पडायची, म्हणून मी शाळेतली नोकरी ‘एक वर्षासाठी’ सोडली होती. ते वर्ष जरा लांबलं. मधल्या काळात मी काय शिकवलं? मुलीला पाढे शिकवले, बायांना वरणाला फोडणी कशी द्यायची ते शिकवलं, आणि नवऱ्याला मोबाइलवर गॅस बुक करायला अजून शिकवते आहे. पण चाळीस मुलांसमोर उभं राहून ‘गुड मॉर्निंग’ म्हटलेलं नव्हतं. आता त्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर चालल्या होत्या आणि तेवढ्यापुरती जागा निघाली होती. मी अर्ज केला होता तो घरात कुणाला न सांगता, कारण उत्तर आलं नाही तर ‘मी कुठे काय केलं होतं’ असं म्हणता यावं. उत्तर आलं! मला ती जागा हवी होती. किती हवी होती ते मला त्या ओरडण्यावरूनच कळलं. आणि त्याच्या मागोमाग भीतीही आली. वर्गात तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही तर?

प्रीफिक्स म्हणजे शब्दाच्या आधी जोडायचा तुकडा. आपल्या व्याकरणात त्याला उपसर्ग म्हणतात आणि शाळेत आपल्याला प्र, परा, अप, सम् अशी माळ पाठ असायची. इंग्रजीतला ‘री’ हा त्यातला सगळ्यात मनमिळाऊ. कुठल्याही क्रियापदाला जाऊन चिकटतो. राइट म्हणजे लिहिणं, रीराइट म्हणजे परत लिहिणं. संपलं! दोन मिनिटांचं काम. उरलेल्या अठरा मिनिटांचं काय करायचं, हा प्रश्न आमच्या घराने हाती घेतला.

नवरा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे. मुनिरकाच्या अलीकडे सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही राहतो. या माणसाने आयुष्यात कुठलीही गोष्ट फाइल उघडल्याशिवाय केलेली नाही. संध्याकाळपर्यंत टेबलावर एक फाइल आली. वर ‘डेमो – री’ असं लाल अक्षरात, आत डावीकडे टिपण, उजवीकडे कागदपत्रं. पहिल्या पानावर शब्दांची यादी होती आणि ती सबंध त्याच्या ऑफिसातून आलेली होती. रीसबमिट, रीव्हेरिफाय, रीअलॉटमेंट, रीअपॉइंटमेंट, रीएक्झामिन, रीटेंडर.

“अहो, चौथीची मुलं आहेत. ती रीटेंडर काढणार आहेत का?”

“पाया पक्का पाहिजे,” तो म्हणाला. “एक्कावन्न शब्द झालेत. अजून हवेत?”

मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिल्लीतच वाढली, त्यामुळे तिचं मराठी आमच्यापुरतं आणि तेही तुकड्यातुकड्यांचं. “यार आई,” ती म्हणाली, “चार्ट बनवू या. रंगीत. मुलांना व्हिज्युअल पाहिजे असतं.” मग चार्ट बनला. एक्कावन्नातले बत्तीस शब्द मी झगडून काढले, उरलेले एकोणीस तिने सात रंगांत लिहिले. तो चार्ट नवरा मार्केटमध्ये नेऊन लॅमिनेट करून घेऊन आला. मला न विचारता. “कायमस्वरूपी राहील,” असं म्हणाला. वीस मिनिटांच्या तासासाठी कायमस्वरूपी!

मग रोज संध्याकाळी सहा वाजता आमच्या बैठकीच्या खोलीत चौथीचा वर्ग भरू लागला. सोफ्यावर नवरा आणि मुलगी, खुर्चीवर खालच्या मजल्यावरच्या आंटी. या आंटी पंजाबी, सत्तरीच्या, आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या थंडीपासून माझ्यावर हक्क सांगणाऱ्या. त्यांना इंग्रजी फारसं येत नाही, पण वर्ग म्हटल्यावर त्या पेन्सिल घेऊन आल्या होत्या.

“चिल्ड्रन, टुडे वुई विल मीट अ स्मॉल बट व्हेरी पॉवरफुल फ्रेंड,” मी सुरुवात केली. हे वाक्य मी आरशासमोर बसवलं होतं.

“मॅडम,” नवऱ्याने हात वर केला, “रिटायर म्हणजे परत टायर होणं का? ऑफिसात थकतात आणि घरी येऊन परत थकतात?”

“गप्प बसा. बाहेर उभं करीन.”

“बाहेर सहा डिग्री आहे मॅडम.”

“मैं बताऊँ?” आंटी म्हणाल्या. “री से रिश्तेदार. जो बार-बार आएँ!”

मुलगी हसून सोफ्यावरून खाली घसरली. मी छडी म्हणून घेतलेलं लाटणं टेबलावर आपटलं. तिसऱ्या दिवशी मुलीने एक शंका काढली आणि मी अडकले. “आई, रीराइट म्हणजे परत लिहिणं, ओके. रिटर्न म्हणजे परत टर्न करणं? की परत येणं? दोन्ही ‘परत’ वेगळे आहेत ना?”

मराठीत आपल्याला याचा पत्ताच लागत नाही. परत म्हण आणि परत ये, दोन्हीकडे ‘परत’ ठेवून आपण मोकळे होतो. इंग्रजीत मात्र एक ‘री’ पुन्हाचा आणि एक ‘री’ मागे फिरण्याचा, हे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. “चौथीला एवढं खोल नसतं,” असं म्हणून मी शिक्षक जी पळवाट काढतात ती काढली. फाइलमध्ये नवऱ्याने ‘शंका प्रलंबित’ अशी नोंद केली.

बुधवारी आंटींनी मुद्द्याला हात घातला. “पहनेगी क्या?”

मी साडी आणि वरून नवीन कोट म्हणाले. त्यांनी कोट बघितला आणि नाक मुरडलं. “वकील लगेगी. वो मरून वाला पहन.”

मरून म्हणजे माझा हाताने विणलेला कार्डिगन. दिल्लीतल्या पहिल्या थंडीत मी पुण्याहून आणलेला स्वेटर घालून खाली उन्हात बसले होते, तेव्हा याच आंटींनी त्याची बाही दोन बोटांत धरून विचारलं होतं, “ये कपड़ा है कि छलनी?” त्या हिवाळ्यात त्यांनी मला विणायला शिकवलं. कॉलनीच्या बागेत दुपारच्या उन्हात सात-आठ बायका, शेंगदाणे, संत्र्यांच्या साली आणि सगळ्यांच्या मांडीवर लोकर. तिथे नवीन लोकर क्वचितच यायची. नवऱ्याचा घट्ट झालेला स्वेटर उसवायचा, लोकरीची लडी करायची, धुवायची, ओली असताना खाली वजन लावून टांगायची म्हणजे तिची वेटोळी सरळ होतात, आणि मग त्याचं पोराचं काहीतरी विणायचं. पोर वाढलं की परत उसवायचं. आंटींची खास रीत म्हणजे बाही खांद्याकडून खाली, चार सुयांवर गोल विणायची. शेवटची गाठ मनगटाशी येते. मनगट झिजलं की तेवढंच उसवून परत विणायचं, बाकी स्वेटरला हात लावायचा नाही. माझ्या मरून कार्डिगनची लोकर आधी नवऱ्याचा फुल स्वेटर होती, मग मुलीचं जॅकेट, आणि मग मी.

तोच घातला. वकील दिसण्यापेक्षा बरं.

गुरुवारी धुकं इतकं की गेटवरचा गार्ड आवाजावरून ओळखावा लागला. मुनिरकाहून मेट्रोची मॅजेन्टा लाइन थेट बोटॅनिकल गार्डनला जाते. मी अख्खा वेळ उभी होते, कारण बसले तर साडीची इस्त्री जाईल आणि लॅमिनेट केलेल्या चार्टची गुंडाळी मांडीवर मावत नव्हती. तीन वेळा ती एका काकांच्या टोपीला लागली. तिसऱ्यांदा ते म्हणाले, “बहनजी, तोप है क्या?” मी म्हटलं, “नहीं भाईसाहब, इंग्लिश.” मी इतकी हवेत होते! उतरून ई-रिक्षा घेतली तेव्हा ओठांत माझं पहिलं वाक्य चालूच होतं. स्मॉल बट व्हेरी पॉवरफुल फ्रेंड.

शाळेच्या कोऑर्डिनेटर मॅडम माझ्याच वयाच्या. गळ्यात चष्म्याची साखळी, हातात गुणांचा छापील फॉर्म. “ट्वेन्टी मिनिट्स,” एवढंच म्हणाल्या आणि वर्गाच्या मागच्या भिंतीला खुर्ची लावून बसल्या.

मी आत पाऊल टाकलं. चाळीस मुलं उभी राहिली आणि लांबवून म्हणाली, “गुड मॉऽऽर्निंग मॅऽऽम!”

आवाज फुटला! माझा. “गुड मॉर्निंग चिल्ड्रन,” मी म्हटलं, आणि तो चांगला, मागच्या बाकापर्यंत जाणारा निघाला. मला नाचावंसं वाटलं. मी फळ्यावर चार्ट लावला आणि हसून वळले. “टुडे वुई विल मीट अ स्मॉल बट व्हेरी पॉवरफुल...”

“री, मॅम?” दुसऱ्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी म्हणाली.

“री मीन्स अगेन!” सबंध वर्ग एका सुरात म्हणाला. “रीराइट, रीयूज, रीसायकल, रीफिल, रीप्ले!”

माझे एकोणीसपैकी पाच शब्द दहा सेकंदांत गेले.

“मॅम, हमारा हो चुका है,” वेण्यांवाली समजुतीच्या सुरात म्हणाली. “पाँच बार.”

“पाँच बार?”

“मंडे को दो मॅम आई थीं, ट्यूजडे को दो, कल एक. आप सिक्स्थ हो.”

“एक मॅम ने साँग कराया था,” दुसरी म्हणाली. “एक ने बॉल फेंकी. एक मॅम का प्रोजेक्टर नहीं चला तो वो पानी पीने चली गईं.”

मी मागे पाहिलं. कोऑर्डिनेटर मॅडम फॉर्मकडे बघत होत्या. चेहऱ्यावर काही नाही. म्हणजे सगळ्या उमेदवारांना तोच विषय, तोच वर्ग. आमच्या घरात चार दिवस तीन माणसं विद्यार्थी झाली होती, फाइल झाली, लॅमिनेशन झालं, पण माझ्या आधी कुणी येऊन गेलेलं असेल हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. आम्हाला वाटलं की जग माझी वाट बघत थांबलंय. नवऱ्याने फाइलमध्ये ‘यापूर्वीची उदाहरणं’ असा कागद का लावला नाही? ऑफिसात तर पहिला तोच लावतो!

तेवढ्यात माझ्यामागे सर्रकन आवाज झाला. लॅमिनेट केलेला चार्ट खालून वर गुंडाळत गेला आणि फळ्याच्या माथ्यावर नळीसारखा चिकटून बसला. वर्ग हसला. मी तो खाली ओढला. परत गुंडाळला. वर्ग टाळ्या वाजवू लागला.

घाबरले की माझा अंगठा डाव्या मनगटाशी जातो. तिथे लोकरीची गाठ असते, ती चोळत राहायची सवय आहे. अंगठ्याला गाठ लागली. आणि खरं सांगते, विचार असा काही केलाच नाही. मी चार्ट काढून खुर्चीवर ठेवला आणि कार्डिगन अंगातून काढला.

“ये किसने बनाया?” मी बाही वर धरून विचारलं.

“शॉप से?” “ऑनलाइन?”

“मैंने.”

“आपने? खुद?” अर्धा वर्ग उभा राहिला. यात काय एवढं, असं मला वाटलं, पण त्यांच्या अंगावर चाळीस एकसारखे मशिनचे स्वेटर होते.

“और ये पहले क्या था बताओ. पहले ये एक अंकल का स्वेटर था.”

अंकल म्हटल्यावर वर्ग का हसला ते मला माहीत नाही, पण त्या अंकलना घरी सांगितल्यावर तेही तसेच हसले. मी दातांनी गाठ तोडली. टोक सोडवलं, वेण्यांवालीच्या हातात दिलं आणि म्हटलं, “चलो. पीछे तक जाओ. धीरे.”

ती टोक धरून दोन रांगांमधून निघाली आणि माझ्या हातातलं मनगट फेरी फेरीने कमी होऊ लागलं. सर्र, सर्र. चाळीस माना तिच्याबरोबर मागे वळल्या. मरून धागा माझ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत गेला, कोऑर्डिनेटर मॅडमच्या खुर्चीपर्यंत. बाईंनी पाय आखडून घेतले.

“मॅम, ये तो नूडल्स है!” कोणीतरी ओरडलं. उसवलेला धागा सरळ नव्हता ना, सगळा वेटोळ्यांचा होता.

“अब,” मी म्हटलं, आणि मला एकदम माझ्या मुलीची शंका आठवली. “अब तुम रिटर्न करो!”

ती धागा पेन्सिलबॉक्सभोवती गुंडाळत गुंडाळत माझ्याकडे आली.

“इसने अगेन किया?” मी विचारलं. “ये दोबारा पीछे गई?”

“नो मॅम! वापस आई!”

“तो रिटर्न का री क्या है?”

तिसऱ्या बाकावरून, “बॅक? मॅम, बॅक?”

“बॅक!” मी इतक्या जोरात म्हणाले की शेजारच्या वर्गाच्या बाई दारातून डोकावल्या. “हे तुम्हाला पाच मॅमनी सांगितलं होतं का?” हे मी चक्क मराठीत विचारलं. कुणाला काही वावगं वाटलं नाही. “नो मॅम!” वर्ग म्हणाला. मी खडू घेऊन फळ्याचे दोन भाग केले, एकीकडे अगेन, दुसरीकडे बॅक, आणि मुलं भांडू लागली. रिपे कुठे? बॅक! रीड्रॉ? अगेन! रिप्लेस? बॅक! अगेन! बॅक! रिप्लेसवरून दोन रांगांत युद्ध झालं. वस्तू होती तिथेच ठेवायची असेल तर काय आणि तिच्या जागी दुसरी आणायची असेल तर काय, असं दोन मुली एकमेकींना रबर आणि शार्पनर वापरून पटवत होत्या. मी रिप्लेस फळ्याच्या मधल्या रेघेवरच लिहून टाकला.

तेव्हा वेण्यांवाली कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. “पर मॅम, ये स्वेटर तो री नहीं हुआ. आपने तो खोल दिया. ये तो अन है. अन-निट.”

बरोबर होतं! शंभर टक्के बरोबर. माझ्या हातात अर्ध्या बाहीचा कार्डिगन आणि वर चव्वेचाळीस सुटे टाके, जे आता खाली घसरायच्या बेतात होते.

“तो री करने के लिए क्या चाहिए?”

“सुई!”

“नहीं है मेरे पास. चार पेन्सिल दो.”

चार मागितल्या, चौदा आल्या. मी तीन पेन्सिलींवर टाके उचलले, चौथी हातात घेतली. पेन्सिलीने कधी विणलं नव्हतं. षटकोनी असते, बोटांत फिरते, टोकाला लोकर अडकते. पण टाका बसला. दुसरा बसला. मुलं बाकं सोडून माझ्याभोवती गोळा झाली होती आणि कुजबुजत टाके मोजत होती. “अनडू, रीडू,” एक मुलगा म्हणाला, “कंप्यूटर जैसा.” मग ती माळच लागली. अनपॅक, रीपॅक! अनलोड, रीलोड! अनटाय, रीटाय! “पहले अन, फिर री,” असं कोणीतरी सूत्र काढलं आणि लगेच दुसऱ्याने ते खोडलं, “रीराइट में अन कहाँ है?” मी मान हलवत होते आणि विणत होते. अंगात फक्त ब्लाउज आणि साडी, बाहेर धुकं, आणि मला थंडी म्हणून वाजत नव्हती.

एक फेरी आणि वर चार टाके झाले तेव्हा घंटा झाली.

कोऑर्डिनेटर मॅडम उठल्या. फॉर्मची घडी घातली. “वुई विल लेट यू नो,” म्हणाल्या. जाता जाता त्यांनी पायापाशी पडलेला लोकरीचा तुकडा उचलून माझ्या हातात दिला. तुकडा परत देणं हा चांगला इशारा की वाईट, यावर मी बोटॅनिकल गार्डनपासून मुनिरकापर्यंत विचार केला. अंगात तोच कार्डिगन, एक हात कोपरापासून उघडा, आणि बाहीच्या टाक्यांत अडकलेल्या चार पेन्सिली, ज्या मुलांना परत द्यायच्या राहूनच गेल्या होत्या.

घरी तिघं वाट बघत बसली होती. नवरा अर्धी रजा टाकून आला होता. मी सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, हातवारे करून, चपला न काढता.

“चार्ट?” त्याने विचारलं.

“शाळेतच राहिला.”

“लॅमिनेट केलेला?”

“अहो, तिथे स्वेटर फाडून आले मी, तुम्हाला चार्टचं पडलंय!”

“उसवून,” मुलगी म्हणाली. “फाडून नाही, उसवून म्हणतात ना?” हा शब्द तिला गेल्या आठवड्यापर्यंत येत नव्हता.

आंटी बाही तपासत होत्या. “पेन्सिल से बुना? टाँके ढीले हैं,” एवढाच शेरा त्यांनी दिला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून बसून राहिल्या.

शुक्रवारी काही नाही. शनिवारी सकाळी साडेनऊला फोन वाजला. नाव बघून मी गॅस बंद केला, फॅन बंद केला; थंडीत तो चालूच नव्हता, तरी बटणाला हात लावला.

“मॅम,” कोऑर्डिनेटर मॅडमचा आवाज सपाट होता, “चार पेरेंट्स की कंप्लेंट आई है.”

मी डायनिंग टेबलच्या खुर्चीवर बसले. समोर नवरा आणि मुलगी.

“कंप्लेंट?”

“बच्चों ने घर जाकर अपने स्कूल स्वेटर की बाँह खोल दी. पेन्सिल से बुनने के लिए. मशीन का स्वेटर है मॅम, वो खुलता थोड़े ही है. एक ने तो कैंची लगाई. एक ने अपने दादाजी का मफलर खोल दिया पूरा.”

मी “सॉरी” म्हणाले. तीनदा म्हणाले. चौदा वर्षांनी मिळालेली वीस मिनिटं आणि त्यात मी चार घरांतले स्वेटर संपवले होते. नवऱ्याने माझ्या चेहऱ्याकडे बघून हातातला चहाचा कप खाली ठेवला. मुलीने माझा पदर धरला. मला रडू यायला लागलं आणि फोनवर ते कळू नये म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं.

“अब ये आप ही आकर समझाइए,” बाई म्हणाल्या.

“जी, मैं आ जाती हूँ. पेरेंट्स से मिलकर माफी...”

“पेरेंट्स से मैं मिल लूँगी. बच्चों को समझाइए. सोमवार से. अप्रैल तक की लीव्ह व्हेकन्सी है, लेटर ईमेल कर रही हूँ.” आणि मग पहिल्यांदा त्या आवाजात काहीतरी हललं. “कल से तीन टीचर्स मुझसे पूछ रही हैं कि वो बाँह ऊपर से नीचे कैसे बुनते हैं. आप स्टाफरूम में भी बता देना.”

मी काय म्हटलं ते आठवत नाही. मुलगी सांगते की मी “हो, येते, येते, नक्की येते” असं शुद्ध मराठीत पाच-सहा वेळा म्हटलं आणि बाईंनी तिकडून “जी?” विचारलं. फोन ठेवला आणि परत तोच रविवारचा आवाज काढला. या वेळी नवऱ्याने ‘कोणाला’ विचारलं नाही. त्याने विचारलं, “लेखी देतायत ना?” आणि मग चष्मा काढून पुसत बसला, बराच वेळ, दोन्ही काचा.

सोमवारी धुकं तसंच होतं. वर्गात शिरले तेव्हा टेबलावर हजेरीचं रजिस्टर होतं, नवं कव्हर घातलेलं, आणि त्यावर माझ्या नावाची चिठ्ठी. मी ती दोनदा वाचली. मग चष्मा लावून कडक आवाजात सांगितलं की मशिनचा स्वेटर उसवला तर परत विणता येत नाही, कात्री कोणीही लावायची नाही, आणि दादाजींचा मफलर ज्याने सोडवला त्याने तो माझ्याकडे आणायचा, मी बघते. सगळे गंभीर चेहऱ्याने ऐकत होते. शेवटी वेण्यांवालीने हात वर केला.

“मॅम, कल कौन आएगा?”

“मतलब?”

“डेमो वाली. सेवन्थ मॅम. फिर से री कराएँगी?”

“कोई नहीं आएगा,” मी म्हटलं. “कल मैं ही आऊँगी. परसों भी.”

“रोज?”

“रोज.”

तिने मागे वळून वर्गाकडे पाहिलं, सगळ्यांना ऐकू गेलं ना याची खात्री केल्यासारखं, आणि खाली बसली. मी पेनचं टोपण काढलं आणि पहिला रोल नंबर मोठ्याने वाचला.